जिथून आवाज येत नाही

माझ्या पावसाच्या वहीत पाच रकाने आहेत. तारीख, गच्चीवरच्या पर्जन्यमापकात साठलेला पाऊस, खडकवासला धरणातून सोडलेलं पाणी, देशात कुठे कसला इशारा आहे ते, आणि शेवटचा ‘आवाज’. वही दरवर्षी एक जूनला सुरू करते. यंदा, २०२५ साली, मान्सून २४ मेला केरळात पोचला आणि २६ मेला मुंबई-पुण्यात, तेव्हा नवी वही आणायलाही सवड मिळाली नाही. गेल्या वर्षीच्या वहीच्या उरलेल्या कोऱ्या पानांवर रेघा मारून सुरुवात केली.

गेल्या रविवारी भाची जेवायला आली होती. तिने पानं चाळली आणि म्हणाली, “मावशी, बाकीचं कळलं. हे ‘आवाज’ म्हणजे काय? आई – हो, दादा – हो, खालच्या आजी – हो, पोळ्यांच्या मावशी – हो. तू हजेरी घेतेस का आमची?”

हजेरीच घेते. का घेते ते चहा होईपर्यंत तिला सांगत होते, पण ते संपलं नाही आणि तिला बस गाठायची होती. म्हणून इथे लिहितेय.

मी १९९० साली टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले, ट्रंक बोर्डावर, म्हणजे बाहेरगावचे फोन जोडून द्यायला. मोठ्या गावांना तोवर एसटीडीने थेट फोन लागत होता, पण लहान गावांसाठी लोक अजून ट्रंक कॉल बुक करायचे. १८० फिरवायचा, गाव आणि नंबर सांगायचा, आम्ही तिकिटावर उतरवून घ्यायचो. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे कॉलचे प्रकार होते. लाइटनिंगला साध्या कॉलच्या आठपट पैसे पडायचे. तो कॉल कुणी मागितला की आम्ही समजायचो, घरात काहीतरी झालंय.

कानाला हेडसेट लावून आठ आठ तास बसलं की कानाला वळण लागतं. माझ्या सीनियर बाईंनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं की पलीकडून उत्तर येत नाही, याचे तीन अर्थ होतात. घंटा जातेय आणि कुणी उचलत नाही, म्हणजे लाईन चांगली आहे, माणसाची चौकशी कर. एंगेज टोन येतोय, म्हणजे तिकडे माणूस आहे, थांब. आणि तिसरं म्हणजे काहीच नाही. घंटा नाही, टोन नाही, साधी खरखरही नाही. तेव्हा नुसतं पुन्हा पुन्हा लावत बसायचं नाही. शेजारच्या गावचं एक्स्चेंज लावायचं आणि त्यांना विचारायचं, ‘तुम्हाला तिकडचं काही ऐकू येतंय का?’

हे तिसरं मी ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ऐकलं. मला रात्रपाळी होती. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, पण पुण्याची मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, त्यामुळे पहाटे चारलाही ढोलांचा आवाज खिडकीतून येत होता. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला जमीन हादरली. आम्हाला बोर्डावर काही कळलं नाही. पाच-साडेपाचच्या सुमारास लातूरकडचे कॉल एकदम वाढले. मूळचे तिकडचे, पुण्यात कामाला असलेले लोक. कुणाला औसा हवं होतं, कुणाला उमरगा, कुणाला त्यांच्या आसपासचं एखादं खेडं. लातूर शहराला एंगेज टोन येत होता. त्याचा अर्थ आम्हाला माहीत होता, तिकडे माणसं जागी आहेत आणि सगळी एकदम बोलताहेत. काही गावांकडे मात्र कॉर्ड लावली की काहीच नाही. एका गृहस्थाने लाइटनिंग कॉल मागितला. मी अर्धा तास प्रयत्न करत होते. शेवटी ते म्हणाले, “बाई, निदान घंटा तरी वाजतेय का हो?” मी नाही म्हटलं. त्यांनी फोन ठेवला नाही, नुसते धरून बसले.

त्या पहाटे जवळजवळ दहा हजार माणसं गेली. माळवदाची घरं होती, जाड दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचा भार. विसर्जन करून थकून झोपलेल्या लोकांवर ती आली. सकाळी सुटी झाल्यावर मी लक्ष्मी रस्त्यावरून चालत घरी गेले तेव्हा मिरवणूक चालूच होती. लोकांना अजून नीट कळलेलं नव्हतं. माझ्या मनात मात्र नकाशावरची ती गावं ठिपक्यांसारखी दिसत होती, ज्या गावांकडून काहीच आलं नव्हतं ती.

आईला मी हे सांगितलं तेव्हा तिने पानशेतची गोष्ट पुन्हा सांगितली. आमच्या घरी ती शंभर वेळा ऐकलेली, पण त्या दिवशी मला तिच्यातलं वेगळंच काही ऐकू आलं. १२ जुलै १९६१. आई चौदा वर्षांची, नारायण पेठेत नदीजवळच्या वाड्यात राहायची. पानशेतचं धरण अजून बांधून पुरं व्हायचं होतं. ते सकाळी फुटलं, आणि त्या लोंढ्याने खालचं खडकवासलाही फुटलं. आईच्या वाड्यात कुणाला काही अधिकृत निरोप आला नाही. मामा सायकलवरून लकडी पुलाकडे गेला होता, तो पाणी बघून ओरडत परत आला. बिऱ्हाडं जिना चढून वर गेली. वर गेल्यावर आजीने काय केलं, तर एकेका बिऱ्हाडाचं नाव घेऊन हाका मारल्या. बारा बिऱ्हाडांनी ‘ओ’ दिली. मागच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या एका काकूंची ‘ओ’ आली नाही. मामा आणि आणखी दोघे कमरेएवढ्या पाण्यातून मागे गेले. काकू पोटमाळ्यावर चढून बसल्या होत्या आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. तिघांनी त्यांना उचलून आणलं.

आई म्हणायची, “माझ्या आईने नावं घेतली नसती, तर आम्ही समजलो असतो की सगळे आलेत. जिन्यात एवढी गर्दी होती.”

पुढे त्या वाड्यातली निम्मी माणसं पूरग्रस्तांच्या वसाहतींत गेली. वाडाही आता नाही. पण नावं घेण्याची ती रीत माझ्याकडे आली.

आता देशावर लक्ष ठेवणारी यंत्रं केवढी वाढली आहेत, हे मी रोज बघते आणि मला त्याचं मनापासून कौतुक वाटतं. हवामान खातं १८७५ साली सुरू झालं. त्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून आपल्या शिवाजीनगरला आलं, म्हणून त्या दगडी इमारतीला आणि चौकाला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. मुख्यालय १९४४ ला दिल्लीला गेलं तरी पुण्याचं काम संपलं नाही. पाषाणला उष्णदेशीय हवामान संस्थेत मान्सूनचं गणित मांडणारे महासंगणक आहेत, आणि विजांची सूचना देणारं ‘दामिनी’ ॲपही तिथलंच. २००४ च्या त्सुनामीनंतर हैदराबादला त्सुनामीचा इशारा देणारं केंद्र उभं राहिलं, ते २००७ पासून काम करतंय. दिल्लीच्या राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राकडून धक्क्याची नोंद काही मिनिटांत येते. भूकंप आधी सांगता येत नाही, पण झाल्याचं तरी लगेच कळतं, आणि १९९३ ची ती पहाट अनुभवलेल्या माझ्यासारखीला तेवढंही फार मोठं वाटतं. केंद्रीय जल आयोग नद्यांच्या पातळ्या देतो. शिवाय ‘सचेत’ हे ॲप आहे, त्यावर देशभरचे इशारे एका जागी दिसतात. २०२३ साली सगळ्यांच्या मोबाईलवर एकदम भोंगा वाजून चाचणीचा संदेश आला होता, आठवतंय? घाबरून मला किती जणांचे फोन आले. मी सगळ्यांना सांगितलं, घाबरू नका, हीच ती चीज आहे जी १९६१ ला हवी होती. तो संदेश टॉवरच्या टापूतल्या प्रत्येक फोनला एकदम जातो, तुमचा नंबर कुणाकडे असावा लागत नाही, इंटरनेट लागत नाही.

सकाळी साडेआठला मी गच्चीवर जाते. साडेआठच, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. आपणही तीच वेळ पाळली तर आपला आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे ‘मुसळधार’, ११५.६ च्या पुढे ‘अति मुसळधार’, २०४.५ च्या पुढे ‘अत्यंत मुसळधार’. रंगांबद्दल लोकांचा घोळ होतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हात-पाय हलवा. तो रंग नुसता किती पाऊस पडेल याचा नाही, तुम्ही काय करायचं याचा आहे. आणि पुणे जिल्ह्याला लाल रंग लागला तर पुष्कळदा तो घाटमाथ्यासाठी असतो. शहरात नुसती भुरभुर असते आणि लोक म्हणतात अंदाज चुकला. तिकडे घाटात कोसळत असतं आणि ते पाणी काही तासांनी आपल्याच दारात येणार असतं.

वहीत एक नियम मी कटाक्षाने पाळते. पाऊस पडला नाही तर शून्य लिहायचं. मी मोजला नाही तर आडवी रेघ मारायची. ह्या दोन गोष्टी एक नाहीत. हवामान खात्याच्या तक्त्यातही एखाद्या केंद्रासमोर आकडा नसला, तर तिथे पाऊस झाला नाही असं कुणी समजू नये. उलट वादळाच्या वेळी जी केंद्रं गप्प होतात तिकडेच खांब पडलेले असतात. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३. नुसतं कुलाबा बघून कुणी मुंबई ठीक आहे म्हटलं असतं तर? दोन मापकांच्या मधल्या जागेत काय चाललंय ते तिथल्या माणसानेच सांगावं लागतं. माणूस सांगू शकत नसेल तर कुणीतरी तिथे जाऊन बघावं लागतं.

माळीणचं मला हेच सलतं. ३० जुलै २०१४, आंबेगाव तालुका, आपल्याच जिल्ह्यात. डोंगर सकाळी गावावर आला, दीडशेहून जास्त माणसं त्याखाली गेली, आणि गावातून एक फोन आला नाही. येणार कुठून? जगाला पहिल्यांदा कळलं ते एसटीच्या चालकामुळे. नेहमीप्रमाणे गाडी घेऊन आला आणि बघतो तर समोर गाव नाही. त्या चालकाचा विचार माझ्या मनातून जात नाही. रोजची वेळ, रोजचा रस्ता, रोज दिसणारी घरं. त्याला गाव तोंडपाठ होतं, म्हणून नसलेलं गाव त्याला दिसलं. बरोबर दहा वर्षांनी, ३० जुलै २०२४ लाच, केरळातल्या वायनाडमध्ये मुंडक्कई आणि चूरलमला ही गावं दरडीत वाहून गेली. त्याच महिन्यात कोलकात्याला दरडींचा अंदाज देणारं राष्ट्रीय केंद्र सुरू झालं होतं. ते काम आता कुठे बाळसं धरतंय. सह्याद्रीतल्या प्रत्येक वाडीपर्यंत ते पोचावं असं मला फार वाटतं. तोवर आपल्याकडे एसटीचे चालक, दूधवाले, शिक्षक, आशाताई आहेत. रोज जाणारी माणसं. एखाद्या सकाळी एखाद्या वाडीतून दूध आलं नाही, तर ते डेअरीच्या वहीत लिहिलं जातं. ते कुणीतरी नियंत्रण कक्षालाही कळवलं पाहिजे. १०७७ हा जिल्ह्याचा आपत्तीचा क्रमांक आहे, त्यासाठीच आहे.

भाचीला मी हे सांगत होते तेव्हा ती गप्प झाली, कारण पुढचं तिला माहीत होतं. २२ जुलै २०२१. तिच्या आईचं, म्हणजे माझ्या ताईचं, घर चिपळूणला, बाजारपेठेच्या मागे. भाची तेव्हा दहावीत. रात्रीत वाशिष्ठी चढली. पहाटे ताईचा शेवटचा फोन, “आम्ही वर जातोय, पाणी जिन्यात आलंय.” त्यानंतर फोन लागेना. मी दिवसभर लावत होते. संपर्क क्षेत्राच्या बाहेर, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. बोर्डावरची ती तिसरी शांतता, फक्त आता त्यात एक बाई गोड आवाजात बोलत होती. मग मला माझ्या सीनियर बाई आठवल्या. शेजारचं एक्स्चेंज लाव. मी चिपळूण सोडलं आणि आजूबाजूला शोधायला लागले. गुहागर रोडला ताईच्या जावेचा भाऊ, उंचावर राहतो, त्याचा फोन लागला. त्याने त्याच्या गच्चीवरून जे दिसतंय ते सांगितलं, ताईच्या बिल्डिंगचा वरचा मजला पाण्याबाहेर आहे, गच्चीवर माणसं दिसताहेत. माणसं कोण ते त्याला ओळखू येत नव्हतं. पण माणसं आहेत एवढ्यावर मी ती रात्र काढली. त्याच संध्याकाळी महाड तालुक्यात तळिये गाव दरडीखाली गेलं होतं, आणि रस्ते तुटल्यामुळे मदत दुसऱ्या दिवशी पोचली. तिथेही कितीतरी जण असेच फोन लावत बसले असतील.

शांतता नेहमी वाईटच असते असंही नाही. मुलगा २०१९ ला भुवनेश्वरला नोकरीला होता. ३ मेला फनी चक्रीवादळ पुरीजवळ किनाऱ्यावर आलं. त्याआधी ओडिशाने सुमारे बारा लाख लोकांना हलवलं होतं. हे तेच राज्य, जिथे १९९९ च्या वादळात जवळजवळ दहा हजार माणसं मेली होती. वीस वर्षांत त्यांनी किनाऱ्यावर निवारे बांधले, गावागावात माणसं शिकवली, आणि फनीत मृतांची संख्या शंभराच्या आत राहिली. मला वाटतं, आपल्या देशाने केलेल्या मोठ्या कामांमध्ये हे मोजलं पाहिजे. पण भुवनेश्वरची वीज गेली, टॉवर पडले, आणि मुलाचा दोन दिवस पत्ता नाही. तिसऱ्या दिवशी मध्यरात्री एसएमएस आला, ‘ठीक. पाणी आहे. फोन बंद ठेवतो.’ नेटवर्क क्षणभर आलं की बोलणं होत नाही, पण एसएमएस थांबून राहतो आणि फट मिळाली की निसटतो, हे त्याने तेव्हा मला शिकवलं. तेव्हापासून घरात ठरलंय की अडचणीत फोन नाही, एसएमएस. तीन शब्द पुरे. आणि प्रत्येकाने दोन पत्ते देऊन ठेवायचे, एक जवळचा आणि एक उंचावरचा.

ह्या वहीतली एक रिकामी जागा मात्र माझी स्वतःची आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढा चढला. कात्रज, सहकारनगर, अरण्येश्वर, सगळीकडे हाहाकार झाला, वीसहून जास्त माणसं गेली. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी तेव्हा ओढ्याकाठी राहायच्या. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. मी सकाळपासून ओडिशापासून आसामपर्यंतची पत्रकं वाचत होते, बहिणीला पुण्याची खुशाली कळवत होते, आणि मावशी आल्या नाहीत तेव्हा रजा घेतली असेल समजून कणीक मळायला घेतली. त्यांच्याकडे फोन नव्हता. दोन दिवसांनी कळलं की त्या मुलांना घेऊन शाळेच्या हॉलमध्ये बसून होत्या, घरातलं सगळं वाहून गेलं होतं. तीस वर्षं दुसऱ्यांच्या शांततेकडे कान लावून बसलेली मी, आणि रोज माझ्या स्वयंपाकघरात उभ्या राहणाऱ्या बाईची गैरहजेरी मला ऐकू आली नाही. मावशींनी कधी बोलून दाखवलं नाही. पण त्याच आठवड्यात मी वहीत पाचवा रकाना आखला. त्यात पहिलं नाव त्यांचं.

मग गेल्या वर्षीची रात्र. आम्ही सिंहगड रस्त्याच्या नदीकडच्या बाजूला राहतो, दुसऱ्या मजल्यावर. टेमघर, वरसगाव आणि पानशेत ही तिन्ही धरणं खडकवासल्याच्या वर. त्यांचं पाणी शेवटी खडकवासल्यात येतं, आणि खडकवासला जेमतेम दोन टीएमसीचं, म्हणजे दोन अब्ज घनफुटांचं. वरच्या डोंगरात धो धो पडलं की ते बघता बघता भरतं आणि दारं उघडावीच लागतात. २४ जुलै २०२४ ला संध्याकाळपासून घाटात पाऊस थांबत नव्हता. मी झोपले नाही. विसर्ग वाढत गेला आणि पहाटेपर्यंत पस्तीस हजार क्युसेक्सच्या घरात गेला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लिटरच्या आसपास पाणी. पस्तीस हजार म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ शंभर टँकर, दर सेकंदाला. हा हिशेब मी त्या रात्री वहीच्या कडेला केला आणि माझा हात थरथरला, ते अक्षर अजून तसंच आहे.

विसर्ग इतका वाढवल्याचा निरोप आमच्या गल्लीत पाणी आल्यानंतर आला. तो कुठल्या टेबलावर अडला, कुणी पुढे पाठवायचा राहिला, त्यावर नंतर खूप भांडणं झाली. मला एवढंच म्हणायचंय की आकडा रात्री कुणाला तरी ठाऊक होता, आणि त्या आकड्याचा आमच्या पार्किंगमध्ये अर्थ काय होतो, हे सांगणारं मधे कुणी नव्हतं.

साडेतीनला मी तळमजल्यावरच्या आजींना फोन केला. त्या ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहतात. घंटा जात होती, पूर्ण वाजून बंद होत होती. घंटा जातेय म्हणजे लाईन चांगली, माणसाची चौकशी कर. दुसऱ्यांदा लावला नाही, चप्पल घातली. पार्किंगमध्ये घोट्याएवढं पाणी आलेलं. वॉचमन काका आणि मी दार बडवत होतो, आत दिवा नाही. आजींनी कानातलं यंत्र काढून ठेवलेलं आणि झोपेची गोळी घेतलेली. शेवटी काकांनी खिडकीच्या गजातून काठी घालून पलंग हलवला. आजी जाग्या झाल्या, दार उघडलं, आणि पाणी बघून पहिलं म्हणाल्या, “देवांना आधी वर घे.” देव घेतले, गोळ्यांचा डबा घेतला, मेन स्विच बंद केला. साडेपाचला त्यांच्या ओट्यापर्यंत पाणी होतं. त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाच्या वाडीत विजेचा धक्का लागून तिघे गेले, म्हणून मेन स्विचचं मी प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सांगते. दिवस उजाडल्यावर शेजारच्या गल्ल्यांतून होड्यांनी माणसं काढली, लष्करही आलं.

पाणी ओसरल्यावर भिंतीवर ओली रेघ राहिली. ती पुसायच्या आधी मी आणि वॉचमन काकांनी तिच्यावर ऑइल पेंटने खूण केली, तारीख आणि विसर्गाचा आकडा लिहिला. आता जिन्याशेजारी तीन खुणा आहेत. बाकीच्या दोन काकांच्या आठवणीवरून आणि माझ्या जुन्या वहीतून ठरवल्या. रंगकाम करणाऱ्यांना त्या पुसायची परवानगी नाही, हे सोसायटीच्या सभेत ठरावच करून घेतला. रेडिओवर विसर्गाचा आकडा ऐकला की आमच्याकडची शाळकरी मुलंसुद्धा सांगतात, म्हणजे तिसऱ्या पायरीला. नदीकाठच्या प्रत्येक गल्लीत अशी भिंत असावी. आमच्या पलीकडच्या दोन सोसायट्यांत मी स्वतः जाऊन खुणा करून आले, आणखी कुणाला हव्या असतील तर सांगा, रंगाचा डबा माझ्याकडे आहे.

फोनची साखळीही तेव्हापासून केली. अडतीस घरं, सहा जण, प्रत्येकाकडे सहा-सात नावं. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा झाल्या तर ते धरायचं नाही. आवाज ऐकला तरच ‘हो’. पंधरा मिनिटांत आवाज आला नाही तर पायी जायचं. यादीत फक्त फ्लॅटमालक नाहीत. वॉचमन काका, इस्त्रीवाले, कोपऱ्यावर भाजी लावणारं जोडपं, घरकामाला येणाऱ्या सगळ्या बायका आणि त्या राहतात त्या वस्तीतला एकेक पत्ता. पोळ्यांच्या मावशींना मुलाने फोन घेऊन दिलाय, पण मी त्यांच्या शेजारणीचा नंबरही लिहून ठेवलाय. एक जवळचा, एक उंचावरचा.

हे लिहिता लिहिता आजची नोंद राहिलीच होती. साडेआठला गच्चीवर गेले, १७ मिलिमीटर. कोकण आणि घाटमाथा नारिंगी, ओडिशाच्या किनाऱ्यावर पिवळा. ताई – हो. तिच्याकडे सकाळपासून सर आहे, वाशिष्ठी अजून खाली आहे म्हणाली. मुलगा – हो, तो आता बंगळूरला असतो. भाची – हो, झोपेतून. मावशी – हो, दहाला येताहेत.

आजींचा फोन वाजून बंद झाला. छत्री घेतली आणि खाली गेले. दार उघडंच होतं, त्या देवांपुढे बसल्या होत्या, यंत्र कानात नव्हतं. मला बघून हाताने थांब म्हणाल्या आणि आरती पुरी केली. मग प्रसादाचा खडीसाखरेचा खडा हातावर ठेवला.

आजी – हो.